गोळी चुकली की येणारा देव

म्हाळूच्या अंगात बिरोबा आला तो ज्येष्ठातल्या एका रविवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, आणि त्याआधी म्हाळूनं सव्वीस जांभया दिल्या.

हा आकडा गहिनीनाथ ढोलकऱ्याचा. गहिनीनाथ दर रविवारी देवळाच्या पायरीवर ढोल घेऊन बसतो, आणि ढोल वाजवायचा नसतो तेव्हा त्याला मोजण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो. पहिल्या सात-आठ जांभयांकडे त्यानं दुर्लक्ष केलं. उन्हाळा होता, माणूस पेंगतो. दहाव्या जांभईला त्यानं ढोलाच्या दोऱ्या ताणल्या. सोळाव्याला म्हाळूच्या डोळ्यांतून आणि नाकातून एकदमच पाणी सुरू झालं. विसाव्याला त्या भर उन्हात त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. सव्विसाव्या जांभईबरोबर त्याचा उजवा पाय मालकाला न विचारता झटके मारू लागला, तेव्हा गहिनीनाथनं "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणून ढोलावर टिपरू हाणलं.

देव अंगात येण्याआधी जांभया येतात, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. शिवाय म्हाळूचं घराणंच त्यातलं. धारूरच्या घाटाखाली जी धनगरांची वाडी आहे, तिथला बिरोबा पूर्वी म्हाळूच्या वडलांच्या अंगात यायचा. आबा गेले त्याला चौदा वर्षं झाली होती. तेव्हापासून वाडीला देव होता पण देवाला तोंड नव्हतं, आणि वाडीचे प्रश्न चौदा वर्षं तुंबले होते. त्यामुळे ढोल वाजल्यावर पाच मिनिटांत देवळापुढे पन्नास माणसं जमली आणि म्हाळूवर इतका भंडारा उधळला गेला की तो हळदीतून काढल्यासारखा दिसू लागला.

पहिला मान कौशल्याबाईचा. वय साठ, दोन्ही गुडघे गेलेले, आणि सून चार महिने माहेरी जाऊन बसलेली.

"देवा, सून कवा येईल?"

म्हाळूच्या पोटात कळ येत होती, कंबर तुटत होती, घाम सुटणं आणि थंडी वाजणं आळीपाळीनं नाही, बरोबरच चाललं होतं. तो म्हणाला, "मला घरी जाऊ द्या गं."

"बघा! घरी यायचं म्हनती!" असं मागून कुणीतरी ओरडलं. मंगळवारी सून आली. ती नवऱ्यानं दुसरा मोबाईल घेऊन दिला म्हणून आली होती, पण हे देवाच्या श्रेयातून वजा करायला कुणी तयार नव्हतं.

खरी गोष्ट अशी की त्या रविवारी म्हाळूच्या पोटात दीड दिवस पिवळी गोळी गेली नव्हती.

पाच वर्षांपूर्वी कोरड्या विहिरीत पडलेली मेंढी खांद्यावर घेऊन वर येताना म्हाळूच्या कमरेत कडकन आवाज झाला. मेंढी वाचली. म्हाळूच्या मणक्यातली चकती सरकली. ऑपरेशन करा म्हणणारे डॉक्टर लांब होते आणि बाजारच्या गावचा मेडिकलवाला प्रविण जवळ होता. प्रविणनं कागदबिगद न विचारता एक पिवळी गोळी दिली. अर्ध्या तासात म्हाळू उठून चालू लागला. ज्या गोळीनं माणूस उठून चालतो तिला नावं ठेवायची आपल्यात रीत नाही. पहिल्या वर्षी एक होती, दुसऱ्या वर्षी तीन झाल्या, आणि पाचव्या वर्षी आठ. गोळ्या वाढत गेल्या तसं चालणं मात्र कमी होत गेलं. मेंढरांमागे आता थोरला मुलगा परमेश्वर जायचा आणि म्हाळू दारातल्या बाजेवरून सूचना करायचा. त्या शनिवारी-रविवारी प्रविण मेव्हणीच्या लग्नाला गेला आणि दुकानाला कुलूप लागलं, एवढंच घडलं होतं.

रविवारी संध्याकाळी प्रविण आला, गोळी आली, आणि पाऊण तासात बिरोबा गेला.

दुसऱ्या कुणी हे सोडून दिलं असतं. देव आला, देव गेला, भंडारा धुतला. पण म्हाळू जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. एखादी मेंढी लंगडली तर ती काल कुठं चरली, परवा कोणतं पाणी प्याली, इथपर्यंत मागं जाण्याची त्याला खोड. देव पळवणारी गोळी त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती.

त्यानं बुधवारी गोळी खाल्ली नाही. बुधवार बिरोबाचा वार नव्हे, देऊळ बंद, ढोल नाही. तरी गुरुवारी सकाळी जांभया आल्या. मग डोळे, मग नाक, मग काटा, मग पाय. त्याच क्रमानं, ओळखीच्या एसटीच्या थांब्यांसारखे. पुढच्या रविवारी तो पोटभर गोळ्या खाऊन देवळात बसला. गहिनीनाथनं तासभर ढोल बडवला, हाताला फोड आले. काही नाही. त्याच्या पुढच्या वेळी त्यानं निम्म्याच गोळ्या खाल्ल्या. नुसत्या जांभया आल्या, पुढं देव सरकला नाही.

"आवं, चाललंय काय तुमचं?" भामाबाईनं विचारलं. भामाबाई त्याची बायको. ती तिन्ही वेळा पाहत होती.

"देव मोजतुय," म्हाळू म्हणाला.

"मोजा. म्या बी मोजतीया. आठवड्यात दोनदा तुमचं धोतर घामानं भिजतंय, ते धुतंय कोन?"

"आबाच्या अंगात यायचा तवा आबा कोन्ती गोळी खात व्हता गं?"

"मामंजी? त्यांनी तर सुपारी बी खाल्ली न्हाई कवा."

"मग त्यांचा देव येगळा," म्हाळू म्हणाला. आबांच्या देवाबद्दल त्याला काही म्हणायचं नव्हतं. आपल्या देवाबद्दल मात्र विचारायचं होतं, आणि ते देवळात विचारून भागणार नव्हतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर तेजश्री म्हणून एक बाई होत्या. वयानं म्हाळूच्या धाकट्या लेकीएवढ्या. त्या दिवशी त्यांनी एकशे बारा पेशंट पाहिले होते आणि म्हाळू एकशे तेरावा होता.

"काय होतंय, बाबा?"

"मॅडम, ही गोळी खाल्ली की देव जातोय," म्हाळूनं पाकीट टेबलावर ठेवलं, "आन् न्हाई खाल्ली की येतोय. ही गोळी कशाची हाय?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. मग तो कसा येतो, असं विचारलं. म्हाळूनं थांबे सांगितले. बाईंनी मध्येच विचारलं, "जुलाब?" म्हाळू चकित झाला. ते त्यानं लाजेनं सांगितलं नव्हतं.

"बाबा, हे ट्रामाडॉल आहे. अफूच्या जातीचं औषध. शरीराला सवय लागली की ते मिळालं नाही तर शरीर मागायला लागतं. जांभया, पाणी, काटा, पाय झटकणं, हे ते मागणं आहे."

"अफू?" म्हाळू सरळ बसला. कंबर विसरून बसला. "मॅडम, मी तंबाखूला शिवत न्हाई."

"माहीत आहे. तुम्ही नशेसाठी नाही घेतली, दुखण्यासाठीच घेतली. सवयीला ते कळत नाही."

"मंग आजपासून बंद."

"मुळीच नाही. एकदम बंद केली तर आकडी येऊ शकते. दर पंधरा दिवसांनी एक कमी करायची. आठाच्या सात, साताच्या सहा. गोळ्या तुमच्याकडं नाहीत, घरच्यांकडं राहतील. मध्ये गोळी चुकवायची नाही आणि जास्तही खायची नाही. शिरेच्या दुखण्यासाठी दुसरी गोळी देते, ती झोपताना. सकाळी शेक, मी दाखवते तो व्यायाम, आणि रोज थोडं चालणं."

"आन् कंबर? दुखायची बंद होईल?"

इथं दुसऱ्या कुणी हो म्हटलं असतं. बाई म्हणाल्या, "पूर्ण नाही. पण आत्ता जे दुखतंय त्यातलं कमरेचं किती आणि गोळीच्या मागण्याचं किती, हे तुम्हालाही कळत नाही आणि मलाही नाही. ते गोळी उतरल्यावरच कळेल."

हे वाक्य म्हाळूच्या डोक्यात बसलं. पाणवठ्यावर दोन कळप एकमेकांत शिरले की लांबून सगळी मेंढरं सारखीच दिसतात. वेगळी करायला वेळ लागतो, आरडाओरड करून उपयोग नसतो. आपली नेमकी किती, हे बघायचं त्याच्या मनानं घेतलं. शिवाय दिवाळीनंतर कळप बाहेर निघतो, चार महिने रानोमाळ. पाच वर्षं तो मागं राहिला होता. यंदा निघायचं, असं त्यानं एसटीत बसल्या बसल्या ठरवलं.

गोळ्या भामाबाईकडे गेल्या. तिनं त्या ज्वारीच्या कणगीत पुरल्या आणि मोजून देऊ लागली.

"माज्या आयनं मला ल्हानपनी अफूचं बोट चाटवून निजवलं व्हतं," ती म्हणाली. "म्या न्हाई मेले. आन् आपली ती बांडी शेळी आठवतीया का? वढ्याकडंचं बेशरम खायला लागली व्हती?"

म्हाळूला आठवत होती. बेशरमाच्या पाल्याला जनावर सहसा तोंड लावत नाही, पण एकदा चटक लागली की दुसरं काही खात नाही. बांडी शेळी हिरवा घास सोडून बेशरमाकडे धावायची आणि थरथरत उभी राहायची. एकदम बांधून घातली तर दोन दिवस डोकं आपटत बसली. मग भामाबाईनं घासात बेशरमाची पानं मिसळून दिली, रोज थोडी कमी.

"दीड महिन्यात सुटली," भामाबाई म्हणाली. "शेळीला जमलं. तुमी तर शिकल्यालं, चौथी पास."

सातावर काही वाटलं नाही. सहावर झोप उडाली. पाचावर म्हाळू अडकला. पाय रात्रभर बाजेवर चालत असायचे, म्हणजे मेंढरांमागे जायची चाल घरातच पुरी व्हायची. एका दुपारी त्यानं भामाबाईला अशा शिव्या दिल्या, ज्या त्यानं चुकार मेंढीलाही दिल्या नव्हत्या. ती कणगीवर बसून राहिली. तेव्हा तो काठी टेकत तीन किलोमीटर चालत प्रविणकडे गेला आणि पाकीट घेऊन तिथंच चार गोळ्या खाल्ल्या. परत येताना त्याच्या लक्षात आलं की पाच वर्षांत तो एवढं चालला नव्हता. गोळी नसताना चालत गेला आणि गोळी खाऊन जीपमध्ये आला. या गोष्टीचा अर्थ लावत तो दोन दिवस बसला.

डॉक्टरबाईंना त्यानं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत.

"किती खाल्ल्या?"

"चार. येकदम."

"सांगितलंत ते बरं केलंत. चार एकदम परत नाही, श्वासाला धोका असतो. आता दोन आठवडे पाचावरच थांबू. इथं शर्यत नाही."

घटस्थापनेपर्यंत म्हाळू तीनवर आला. कंबर दुखत होती, पण सकाळचं दुखणं आणि संध्याकाळचं दुखणं आता वेगवेगळं ओळखू येऊ लागलं होतं. आणि नेमक्या तेव्हाच विठ्ठलराव आले.

विठ्ठलराव म्हणजे पंचक्रोशीतले मोठे बागायतदार आणि दोन वेळचे माजी झेडपी सदस्य. म्हाळूची मेंढरं त्यांच्या रानात बसायची, रानाला लेंडीखत मिळायचं, आणि कळप त्यांच्याच विहिरीवर पाणी प्यायचा. यंदा गट महिलांसाठी राखीव झाला होता. विठ्ठलरावांच्या घरात महिला दोन: बायको केशरबाई आणि सून ऋतुजा. त्यांतली एक उभी राहणार, हे नक्की होतं. कोणती, हे सांगायची विठ्ठलरावांची छाती नव्हती. ज्या माणसानं दोन आमदार पाडले, तो गेले तीन महिने स्वतःच्या घरात पाण्याचा तांब्यासुद्धा दोघींपैकी कुणाकडे मागावा याचा विचार करत होता.

"म्हाळू, दसऱ्याला बिरोबाला इचारतो," ते बाजेवर बसत म्हणाले. "चार लोकांदेखत. देवानं नाव घेतलं म्हंजी मग घरात कुनाला तोंड उघडाया जागा न्हाई."

म्हाळूनं त्यांना सगळं सांगितलं. पिवळी, अफू, मागणं, आठावरून तीनवर येणं, सगळं. विठ्ठलरावांनी लक्ष देऊन ऐकलं. राजकारणातल्या माणसाला ऐकता येतं, हे मान्य करायला हवं.

"म्हंजी," ते शेवटी म्हणाले, "गोळी खाल्ली न्हाई तर देव येतो."

"देव न्हाई, मालक. ते—"

"अरे पर येतो का न्हाई? जांभया येत्यात? पाय उडतो? काटा येतो?"

"येतो."

"मंग कावून वाद घालतो बे? दिवा तेलावर लागला काय आन् रॉकेलवर लागला काय, उजेड पडल्याशी मतलब. दसऱ्याच्या सकाळची गोळी खाऊ नको."

"मॅडमनी सांगितलंय, मधी चुकवायची न्हाई. चुकली की पुन्हा वर चढतंय. म्या पाचावर महिनाभर—"

"येक दिवस, म्हाळू." विठ्ठलराव उठले. बाहेर पाहत म्हणाले, "मेंढरं चांगली दिसत्यात यंदा. पानी बक्कळ हाय ना इहिरीला?"

एवढंच म्हणाले. जास्त बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी भामाबाई तीन गोळ्या कागदात बांधून पुढे उभी राहिली.

"येक दिवस गं," म्हाळू म्हणाला. "शंभर तोंडं पानी कुठं पितील?"

"येक दिवस, येक दिवस म्हनत म्हनतच आठ झाल्या व्हत्या." तिनं पुडी त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातली. "खिशात हायत. खावा, न्हाईतर नका खाऊ. तोंड तुमचं, देव बी तुमचाच."

दुपारी देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. विठ्ठलरावांसाठी खुर्ची आली होती. बायकांच्या बाजूला केशरबाई आणि ऋतुजा शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकाच मोबाईलमध्ये काहीतरी पाहत होत्या. प्रश्न विचारणाऱ्यांची वेगळी रांग होती. देवाला विचारायचं तर सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, हा वाडीचा नेम. त्यामुळे रांगेतले लोक कोरड्या तोंडानं उभे होते. सर्वांत पुढे कौशल्याबाई, कारण सून पुन्हा माहेरी गेली होती.

म्हाळू देवापुढे बसला. काल संध्याकाळपासून गोळी नव्हती. पहिली जांभई आली. पायरीवर गहिनीनाथनं बोट दुमडलं. दुसरी, तिसरी. म्हाळूनं स्वतःकडे लांबून पाहिल्यासारखं पाहिलं. आता डोळे. आले. आता नाक. आलं. ढोल हलकेच घुमू लागला. पंधरा, सोळा.

आणि मग ढोल अडखळला.

गहिनीनाथचा हिशेब चुकायला लागला होता. म्हाळूनं मान वर केली. गहिनीनाथ त्याच्याकडे पाहतच नव्हता. तो रांगेकडे पाहत होता. कौशल्याबाई जांभई देत होती. साधी नव्हे, जबड्याची कडी निघेल अशी. तिनं पदरानं नाक पुसलं, डोळे पुसले, आणि पुन्हा जांभई दिली. तिच्यामागचा सिरसाळ्याचा पाहुणा जांभई देत होता. त्याच्यामागची दोघं दंड चोळत होती. जांभई एकाची पाहून दुसऱ्याला येते, हे खरं. पण काटा दुसऱ्याचा पाहून येत नाही. रांगेत सातजणांच्या अंगात बिरोबा यायच्या बेतात होता आणि एकट्या गहिनीनाथकडे ढोल एकच होता.

म्हाळू उठला. देव अंगात येताना झाड, म्हणजे देव घेणारा माणूस, उठून रांगेची तपासणी करतं, असं वाडीनं कधी पाहिलं नव्हतं. लोक मागं सरले.

"आक्का," तो कौशल्याबाईला म्हणाला, "सकाळची गोळी खाल्ली का?"

"देवाला इचारायचं आन् गोळी कशी खाऊ, देवा?"

"देवा नगं म्हनू, म्हाळू म्हन. कोन्ती खाती?"

"गुडघ्याची. पिवळी. प्रविन देतो ती."

"किती?"

कौशल्याबाईनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सहा. पर लेकाला म्हाईत न्हाई रं."

म्हाळूनं पुढच्याला विचारलं. चार. त्याच्या पुढच्याला. नऊ. म्हाळूच्या पायानं आता झटका मारायला सुरुवात केली होती, कंबर ओरडत होती, आणि तरीही त्याला पहिल्यांदाच असं वाटलं की आपण एकटेच वेडे नव्हतो. त्यानं खिशातली पुडी काढली. देवापुढचा तांब्या उचलला आणि सगळ्यांसमोर एक गोळी गिळली.

"म्हाळू!" खुर्चीतून आवाज आला.

"पाऊन तास थांबा, मालक," म्हाळू पायरीवर बसत म्हणाला. "आन् आक्का, तुमी बी. ज्यांची सकाळची ऱ्हायली आसंल त्यांनी रोजची जेवढी आसंल तेवढीच खाऊन घ्या. जास्ती नगं. मंग बगा काय व्हतंय."

लोक थांबले. देव येताना बघायला माणसं जमतात तशी देव जाताना बघायलाही जमतात, फक्त हे कुणी आधी करून पाहिलेलं नव्हतं. कुणी पिशवीतून, कुणी कमरेच्या चंचीतून पाकिटं काढली. तांब्या हातोहात फिरला. गहिनीनाथनं ढोल बाजूला ठेवला आणि मोबाईलमध्ये वेळ लावली. वीस मिनिटांनी पाय थांबला. तीस मिनिटांनी काटा बसला. चाळिसाव्या मिनिटाला कौशल्याबाईनं पदर खोचला आणि मोठ्यानं म्हणाली, "आगं बया, ग्येला!"

 कुणी हसलं नाही. हसावं की पाया पडावं, हे ठरायचं होतं.

विठ्ठलरावांना मात्र आजच ठरवून घ्यायचं होतं. "देव ग्येला तर ग्येला," ते म्हणाले. "तूच सांग, म्हाळू. केशर का ऋतुजा?"

"मालक, त्या दोगी तितं बसल्यात," म्हाळू म्हणाला. "त्यास्नी इचारलं का?"

विठ्ठलरावांनी बायकोकडे पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच असावं.

"आमचं आखाडातच ठरलंय," केशरबाई मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाल्या. "ऋतुजा हुभी ऱ्हानार. म्या तिच्यासंगं फिरनार. पोस्टर बी झालंय, हे काय बघतोय."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

"तुमी इचारलं कवा?"

लोकांना आता हसायला जागा मिळाली. विठ्ठलराव खुर्चीतून उठले. "म्हाळू, उद्यापासून तुजी मेंढरं माज्या इहिरीवर—"

"ईहीर माज्या नावावर हाय," केशरबाई म्हणाल्या. "तुमीच केली व्हती, सब्सिडीसाठी. मेंढरं येऊ द्या रं, म्हाळू."

विठ्ठलरावांनी एक जांभई दाबली. ती थकव्याची होती की दुसरी, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

सोमवारी म्हाळू जीपमध्ये सातजणांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरबाईंनी दारातली रांग पाहिली आणि पेन खाली ठेवलं.

"हे सगळे?"

"व्हय मॅडम. सगळ्यांच्याच अंगात येतंय."

 बाईंनी कपाटातून कोरी वही काढली आणि प्रत्येकाला एकेक पान दिलं. प्रविणचा पत्ता मात्र त्यांनी दुसऱ्या कागदावर लिहून घेतला आणि तो कागद पर्समध्ये ठेवला. वाडीत पुढे दोन मतं पडली. एक म्हणे, म्हाळूनं देव घालवला. दुसरं म्हणे, एका फटक्यात सातजणांच्या अंगात येणारा देव आजवर कुणी पाहिला नव्हता, घराण्याचंच तेज. म्हाळूला कुणीच विचारलं नाही आणि त्यानंही मत दिलं नाही. दसऱ्याच्या सकाळी चुकलेल्या गोळीपायी तो तीनवर आठ दिवस जास्त राहिला, एवढंच.

दिवाळी झाल्यावर कळप निघाला तेव्हा म्हाळू दीडवर होता. परमेश्वर म्हणाला, "बा, घोड्यावर बसा." सामानाचं घोडं होतं. म्हाळू निम्मा घाट घोड्यावर बसला आणि निम्मा चालला. दीड कोसावर कमरेतून मांडीत अशी कळ उतरली की तो वळणावरच्या दगडावर बसला.

भामाबाई मागून आली. तिच्या कमरेला पाकीट होतं.

"दुकतंय?"

"लई."

"संध्याकाळची आत्ता पायजे का? देनार न्हाई. पर मागून बगा."

 म्हाळू आत बघत होता. कळ आली होती, जांभई नव्हती. डोळे कोरडे, नाक कोरडं. हातावरचे केस त्यानं निरखून पाहिले, उन्हात आडवे होते. म्हणजे ही कमरेचीच. मागणारी नव्हती, नुसती दुखणारी होती. ती पूर्ण जाणार नाही, असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. केवढी आहे, हे त्याला पाच वर्षांनी पहिल्यांदा दिसत होतं. भलतीच मोठी नव्हती. लहानही नव्हती.

"आवं, काय बगताय?"

"थांब जरा," म्हाळू म्हणाला.

तेवढ्यात खालच्या वळणावरून आरोळी आली. परमेश्वर पुढं गेला होता आणि मागची पंधरा-वीस मेंढरं कुणाच्यातरी तुरीत शिरली होती. तुरीचा मालक बांधावर उभा राहून म्हाळूच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. "धनी कोन हाय रं ह्यांचा? मेलाय का?"

"न्हाई मेला, आलो," म्हाळू ओरडला, काठी टेकली, आणि उठला.